एकाच केबलमधून इंटरनेट पण आणि वीज पण, मग लॅपटॉप जळत कसा नाही?

सोसायटीच्या गेटवरचा सीसीटीव्ही कॅमेरा कधी नीट बघितलाय? बऱ्याच कॅमेऱ्यांना आता एकच केबल गेलेली दिसते. जवळपास ना प्लग, ना अडॅप्टर. ऑफिसच्या छताला लावलेला वायफायचा डबा आणि टेबलावरचा आयपी फोन यांचंही तेच. जी नेटवर्क केबल डेटा वाहून नेते, तीच त्यांना वीजही पुरवते. याला पॉवर ओव्हर इथरनेट म्हणतात, थोडक्यात पीओई.

आता खरा प्रश्न. या केबलमधून ४४ ते ५७ व्होल्टची वीज जाते. ज्या पोर्टला आज कॅमेरा आहे, त्याच पोर्टला उद्या कुणी लॅपटॉप किंवा जुना प्रिंटर लावला तर?

अनेक उपकरणांच्या नेटवर्क पोर्टमागे छोटे रेझिस्टर असतात. तारांच्या दोन जोड्यांमध्ये मिळून त्यांचा रोध साधारण १५० ओहम भरतो. त्यावर ४८ व्होल्ट सोडले तर हिशोबाने १५ वॅट उष्णता तयार होते. तांदळाच्या दाण्याएवढा तो रेझिस्टर बघता बघता करपून जाईल.

पण तसं होत नाही. कारण स्विचमध्ये बसलेली एक कंट्रोलर चिप. एक चिप बहुतेक वेळा ४ किंवा ८ पोर्ट सांभाळते आणि तिचा नियम साधा आहे : आधी ओळख पटवा, मग वीज घ्या.

पहिली पायरी : ओळखपत्र

केबल जोडल्यावर चिप लगेच ४८ व्होल्ट देत नाही. ती आधी १० व्होल्टच्या आतबाहेरचा, अगदी मिलीअँपिअरपेक्षा कमी करंटचा, निरुपद्रवी दाब देऊन बघते. पीओईवर चालणाऱ्या प्रत्येक उपकरणात साधारण २५ हजार ओहमचा रोध मुद्दाम ठेवलेला असतो. तेच त्याचं ओळखपत्र.

चिप हे मोजमाप एकदा करून थांबत नाही. दोन वेगवेगळ्या व्होल्टेजना मोजते आणि फरक काढते. कारण उपकरणाच्या तोंडाशी असलेले डायोड थोडं व्होल्टेज खातात, त्यामुळे एकाच मापात उत्तर चुकतं. दोन मापांच्या फरकात ती चूक निघून जाते.

उत्तर २५ हजारांच्या आसपास आलं तर पुढे जायचं. १५० ओहम आलं, किंवा केबलचं दुसरं टोक मोकळंच असलं, तर दरवाजा बंद. म्हणून लॅपटॉप वाचतो. त्याचा डेटा व्यवस्थित चालतो, वीज मात्र येत नाही.

दुसरी पायरी : तुला लागते किती?

आता चिप व्होल्टेज १५.५ ते २०.५ च्या दरम्यान नेते. उपकरण त्यावर ठरावीक करंट ओढून उत्तर देतं. ९ ते १२ मिलीअँपिअर म्हणजे क्लास १, त्याला ४ वॅट. १७ ते २० म्हणजे क्लास २, ७ वॅट. २६ ते ३० म्हणजे क्लास ३, १५.४ वॅट. ३६ ते ४४ म्हणजे क्लास ४, ३० वॅट.

हे आकडे कुणा एका कंपनीचे नाहीत, आयट्रिपलई या संस्थेच्या मानकातले आहेत. २००३ च्या ८०२.३एएफ मानकात १५.४ वॅटची मर्यादा होती. २००९ च्या ८०२.३एटीमध्ये ती ३० झाली आणि २०१८ च्या ८०२.३बीटीमध्ये ९० वर गेली.

तिसरी पायरी : वीज सुरू, पण पहारा कायम

ओळख पटली, गरज कळली, की चिप मॉसफेट नावाचा इलेक्ट्रॉनिक दरवाजा उघडते. तोही बेताने. उपकरणातले कपॅसिटर सुरुवातीला एकदम करंट ओढतात, त्या क्षणी चिप करंटला लगाम घालते.

त्यानंतरही मोजणं थांबत नाही. उपकरणाने ठरल्यापेक्षा जास्त ओढलं तर चिप क्षणार्धात पोर्ट बंद करते. करंट जवळपास शून्यावर आला, तर केबल उपसली असं समजून सेकंदाच्या अर्ध्या भागाच्या आत वीज तोडते. म्हणून कॅमेरा काढून त्याच केबलला लगेच लॅपटॉप लावला तरी धोका नसतो. ओळखपत्राची तपासणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

मग ४८ व्होल्टच का?

केबलमध्ये वाया जाणारी वीज करंटच्या वर्गाप्रमाणे वाढते. तेवढीच वीज १२ ऐवजी ४८ व्होल्टने पाठवली तर करंट चौथा भाग लागतो आणि नुकसान सोळावा भाग होतं. तरीही १०० मीटर केबलमध्ये थोडी वीज जातेच. स्विचने १५.४ वॅट दिले तर पलीकडे १२.९५ वॅटचीच हमी धरतात.

दिवसा चालणारा कॅमेरा रात्री का बंद पडतो?

ही तक्रार सीसीटीव्ही बसवणाऱ्यांना नेहमी ऐकू येते. समजा, ८ पोर्टच्या स्विचचं एकूण बजेट ६० वॅट आहे. दिवसा प्रत्येक कॅमेरा ५ वॅट घेतो, म्हणजे ४० वॅट. अंधार पडला की कॅमेऱ्यांचे इन्फ्रारेड दिवे लागतात. प्रत्येकाची गरज ९ वॅटवर गेली, तर एकूण ७२ होतात.

अशा वेळी चिप आणि तिच्या जोडीचा प्रोसेसर कमी प्राधान्याचे पोर्ट बंद करतात. भार कमी झाला की ते पोर्ट पुन्हा सुरू होतात, दिवे लागतात, पुन्हा बंद. कॅमेरा रात्रभर चालू-बंद होत राहतो आणि दोष कॅमेऱ्याला दिला जातो. नेमकं ज्या वेळी रेकॉर्डिंग हवं, त्याच वेळी ते मिळत नाही.

म्हणून स्विच घेताना फक्त पोर्ट मोजू नका. पीओई बजेट किती वॅट आहे ते बघा आणि कॅमेऱ्यांची रात्रीची गरज त्यात बसते का, ते जुळवा.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. बाजारात ‘पॅसिव्ह पीओई’ नावाचे स्वस्त इंजेक्टर मिळतात. त्यात ही विचारणा करणारी चिप नसते. पलीकडे कोण आहे हे न बघता ते थेट २४ किंवा ४८ व्होल्ट सोडतात. त्याच प्रकारच्या उपकरणाला लावले तर चालतात. चुकून लॅपटॉपला लावले तर त्याचा पोर्ट जळू शकतो. खोक्यावर ८०२.३एएफ, एटी किंवा बीटी यांपैकी एखादं मानक लिहिलंय का, एवढं बघितलं तरी हा खर्च वाचतो.