महिनाअखेरचा टोस्ट

मनीऑर्डर यायला चार दिवस आणि खिशात चार रुपये, हा ताळेबंद मी बँकेत लागण्याआधीच जमवू लागलो होतो. साल १९७८. पुण्यात कॉटबेसिसच्या खोलीत आम्ही तिघे. त्यातला एक महिनाअखेरीस हटकून म्हणायचा, "आज उपास आहे." आठवड्याला चार उपास कुठल्या देवाचे, हे कळायला आम्हांला वेळच लागला.

मग वर्गणी काढून लांब दांड्यांचा टोस्टर आणला. उकडलेला बटाटा गरम असतानाच कुस्करायचा. वर मिरची, आले, हळद, मोहरीची फोडणी. भाजी कोरडीच हवी, नाहीतर पाव आतून ओला होतो. पाव कालचा बरा, चटणी घट्ट, लोणी फक्त बाहेरच्या अंगाला. वातीच्या स्टोव्हवर मंद आचेने, उलटसुलट करीत खरपूस भाजायचा. दोन खाल्ले की रात्र निघायची.

त्याच्यापुढे ताटली सरकवताना आम्ही म्हणायचो, "घे रे, बटाटा उपासाला चालतो." पावाबद्दल कोणीच बोलत नसे.

पुढे बँकेत अनेक कर्जे मंजूर केली. पण घेणाऱ्याची मान खाली जाऊ न देता द्यावे कसे, हे मात्र त्या स्टोव्हपाशीच शिकलो.