मोबाइलवरची ओवी पुढे पाठवा, पण बाईचे नाव आणि गाव पुसू नका

धार काढून झाली, डेअरीला दूध घालून आले की आपला शेतकरी गडी आधी मोबाइल उघडून बघतो. बाजार समितीतला कांद्याचा भाव, पावसाचा अंदाज, पिकावरच्या रोगाचा फोटो या कामाच्या गोष्टी त्यावर असतातच. त्यांच्या जोडीला गाणी, नकला, नाच, जुन्या वाड्यांचे फोटो असे बरेच काही येते आणि अंगठ्याच्या एका दाबात पुढच्या गटात जाते. ‘लय भारी हाय, बघा’ एवढीच काय ती ओळख. गाणारा कोण, कुठला, हे पाठवणाऱ्यालाही ठाऊक नसते.

याच मोबाइलवर आपल्या महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतल्या बायकांनी म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या ऐकायला मिळतात. त्यासाठी पैसा पडत नाही. पण पारावर चौकशी केली तर दहात एखाद्यालाही याची खबर नसते. म्हणून या ओव्या कशा जमल्या, त्यांत काय आहे आणि आपल्या गावाने त्यात काय भर घालावी, ते पाहू.

दळण गिरणीत गेले

भल्या पहाटे, कोंबड्याच्या आधी उठायचे, जात्यापुढे बसायचे, एका हाताने खुंटा धरायचा आणि दुसऱ्या हाताने मूठ मूठ दाणे वैरायचे. ज्वारी-बाजरी खाणाऱ्या घरातल्या बाईची पिढ्यान् पिढ्या ही रीत होती. खाणारी तोंडे जास्त असली की जावा-जावा किंवा सासू-सून समोरासमोर बसून एकाच खुंट्याला हात लावत. एकीने ओवी काढायची, दुसरीने झेलायची. जात्याच्या घरघरीवर दोन ओळींची ओवी बसे आणि हात दुखायचे विसरत.

पुढे गावात पुकपुक करणारी डिझेल इंजिनवरची गिरणी आली, मग विजेवरची आली. बायांच्या खांद्याचे आणि कंबरेचे कष्ट वाचले, ते फार चांगले झाले. त्यांना पुन्हा जात्यावर बसा असे कुणी शहाण्याने सांगू नये. पण दळण गिरणीत गेले तशी ओवी म्हणायची वेळच उरली नाही. जाती परसात उपडी पडली. कुठे त्यांची तळी न्हाणीत कपडे धुवायला लागली. टाकी लावणाऱ्यांचा धंदाही बसला. ज्यांनी लहानपणी आईच्या मांडीवर डोके ठेवून ओव्या ऐकल्या, त्या बाया आज म्हाताऱ्या झाल्या आहेत. ‘आता कशाला काढता त्ये जुनं?’ असे त्या म्हणतात खऱ्या, पण खुंट्याला हात लावला की त्यांना एकामागून एक ओवी सुचत जाते.

लाखावर ओव्या जमल्या

ही गाणी टिपली पाहिजेत, हे आपल्याकडच्या काही थोरांनी फार आधी ओळखले होते. साने गुरुजींनी बायकांच्या ओव्या गोळा करून ‘स्त्री जीवन’ हा संग्रह केला. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या कामातून गावोगावचे वाङ्मय छापून आणले. पण कागदावर शब्द येतात, गळा येत नाही.

१९८०च्या दशकात पुण्यात गी प्वातव्हाँ आणि हेमा राईरकर या जोडप्याने हे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतले. प्वातव्हाँ जन्माने फ्रेंच, पण पुण्यात कायमचे राहिलेले. डोंगरी भागातल्या गरिबांच्या संघटनेचे काम करताना बायांच्या ओव्या त्यांच्या कानावर पडल्या. मुळशी भागातल्या संघटनेच्या कार्यकर्त्या बाया स्वतः घरोघर जाऊन ओव्या लिहून घेऊ लागल्या. टिपणारी आणि गाणारी दोघी एकाच शिवारातल्या असल्याने गाणारीला परकेपणा वाटला नाही. शहरातला पाहुणा वही घेऊन पुढ्यात बसला असता तर सासू-नवऱ्याच्या ओव्या तोंडाबाहेर आल्या असत्या का, हा प्रश्नच आहे.

पुढे १९९०च्या दशकात बर्नार्ड बेल हे संगीत आणि संगणक दोन्हीचे जाणकार या कामात आले. त्यांनी १२० तासांहून अधिक गायन ध्वनिमुद्रित केले आणि सगळ्या ओव्यांची संगणकावर खतावणी घातली. १ हजाराहून जास्त गावे, ३ हजारांहून जास्त बाया आणि १ लाखाहून जास्त ओव्या असा हा पसारा आहे. प्वातव्हाँ २००४ साली वारले, हेमाताईही पुढे गेल्या. हे धन कपाटात पडून राहायची वेळ आली होती.

पत्रकार पी. साईनाथ यांनी २०१४ साली ग्रामीण भारताच्या नोंदी ठेवणारे ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ हे संकेतस्थळ सुरू केले. ‘पारी’ या छोट्या नावाने ते ओळखले जाते. २०१७ पासून या ओव्या तिथे टप्प्याटप्प्याने येऊ लागल्या. मोबाइलवर मराठीत ‘पारी जात्यावरच्या ओव्या’ असे लिहून शोधले की सापडतात. ओवीचे मराठी शब्द असतात, आवाज असतो, कुठे चित्रफीतही असते. पारीची मंडळी जुन्या नोंदी घेऊन पुन्हा त्या गावांत गेली, गाणाऱ्या बाया शोधल्या आणि त्यांचे गाणे नव्याने टिपले. वीस वर्षांपूर्वी नाव लिहून ठेवले होते, म्हणूनच हा शोध लागू शकला.

ओवीत काय आहे?

ओवी म्हणजे देवाधर्माचे आणि माहेरचे गाणे, असा आपला समज असतो. पंढरीचा विठोबा, सीतेचा वनवास, भाऊ आणि आई हे तर त्यात आहेतच. पण त्याखेरीज सासुरवास आहे, दारूडा नवरा आहे, मुलगी झाली म्हणून ऐकलेली बोलणी आहेत, एकट्या बाईकडे बघणारी गावाची नजर आहे. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायांनी बाबासाहेब आंबेडकरांवर म्हटलेल्या ओव्या या संग्रहात आहेत.

चारचौघांत ज्या बाईला तोंड उघडायची मुभा नव्हती, ती पहाटेच्या अंधारात जात्याशी मोकळेपणाने बोलत होती. सात-बाऱ्यावर तिचे नाव नसे. ग्रामपंचायतीच्या ठरावात आणि सोसायटीच्या वहीतही ते नसे. गावच्या गेल्या शंभर वर्षांचा बायकांच्या बाजूचा हिशेब बघायचा असेल तर ओवी हाच कागद आहे. म्हणून करमणुकीपलीकडे जाऊन गावकारभाऱ्यांनी याकडे बघायला हवे.

नाव गेले की काय होते

या संग्रहात ओवीसोबत बाईचे नाव, गाव, तालुका आणि जिल्हा लिहिलेला असतो. मोबाइलवर फिरताना नेमके तेच गळते. कुणी तीस सेकंदांचा तुकडा कापतो, खाली ढोलकीचा ठेका घालतो, वर आपले नाव टाकतो. दोन महिन्यांनी ते गाणे परत आपल्याच गावात येते, तेव्हा ते कुणाचे याचा पत्ता नसतो. मग ज्या म्हातारीने ते म्हटले तिच्या नातवालाही कळत नाही की हा आपल्या आजीचा आवाज.

जळगाव जिल्ह्यातल्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरींचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि घरात काम करता करता त्या गाणी रचून म्हणत. घरच्यांनी काही टिपून ठेवली. १९५१ साली बहिणाबाई गेल्या. मुलगा सोपानदेव यांनी ती वही आचार्य अत्रे यांना दाखवली आणि १९५२ साली पुस्तक निघाले. घरात वही नसती तर महाराष्ट्राला बहिणाबाई कळल्याच नसत्या. ज्यांच्या घरात वही नव्हती, अशा बाया गावोगाव होऊन गेल्या आहेत.

गावाने काय करावे?

वर सांगितलेला संग्रह मोठा असला तरी कार्यकर्ते प्रत्येक गावात पोहोचलेले नाहीत. ते काम आता गावातच होऊ शकते, कारण टिपायचे यंत्र प्रत्येकाच्या खिशात आहे. काही साध्या गोष्टी पाळाव्यात.

१) आधी बाईला विचारा. काय टिपतो, कुणाला ऐकवणार, हे तिला नीट सांगा. घरातल्या दुःखाची ओवी गावभर जाऊ नये असे तिला वाटले तर ती बाजूला ठेवा.

२) सुरुवातीलाच तारीख, गाव, तालुका, बाईचे नाव, वय आणि ओवी कुणाकडून शिकली हे तिच्याच तोंडून वदवून घ्या. माहेरची ओवी असेल तर माहेरचे गावही लिहा.

३) पंखा आणि टीव्ही बंद ठेवा. मोबाइल विमान अवस्थेत ठेवावा, म्हणजे मध्येच फोन येत नाही. तो बाईच्या जवळ, पण जात्याला न टेकवता धरावा. दगडाचा हादरा आवाजात उतरतो.

४) बोली सुधारू नका. ‘व्हतं’ म्हटले तर ‘व्हतं’च लिहा. बहिणाबाईंची गाणी त्यांच्या खानदेशी बोलीतच छापली गेली, म्हणून आजही ती ताजी वाटतात.

५) व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखी चित्रफीत पाठवली की तिचा आकार आणि दर्जा घटतो. मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा आणि दोन वेगळ्या ठिकाणी जपून ठेवा. एक प्रत मोबाइलमध्ये असेल तर दुसरी शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या संगणकावर असू द्या.

६) दुसऱ्याची ओवी पुढे पाठवताना तुकडा कापू नका. जिथे ती सापडली तिथला दुवा पाठवा.

गाणाऱ्या बाया कुठे सापडतील, हे बचत गटाच्या महिलांना आणि आशाताईंना बरोबर माहीत असते. लग्नसराईत हळदीच्या आधी घाणा भरतात, जात्याची पूजा होते, तेव्हा म्हाताऱ्या आपणहून गातात. डीजे अर्धा तास बंद ठेवला तर तेवढ्यात बरेच टिपून होईल.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना एक सुचवावेसे वाटते. २००२च्या जैवविविधता कायद्यानुसार गावोगाव लोक जैवविविधता नोंदवही करायची असते. तीत बी-बियाणे, झाडपाला आणि त्यांची पारंपरिक माहिती लिहितात. त्याच धर्तीवर गावाने गाण्यांची एक वही करावी. त्याला फारसा खर्च नाही. ग्रामसभेत विषय घ्यावा, शाळेतल्या आठवी-नववीच्या मुलींना काम वाटून द्यावे, गावात सार्वजनिक वाचनालय असेल तर वही तिथे ठेवावी. मुलींनी आपापल्या आजीपासून सुरुवात केली तरी वर्षभरात वही भरेल.

कामाची निकड मात्र ओळखली पाहिजे. पाऊस चुकला तर पुढच्या हंगामाची वाट बघता येते, म्हातारीच्या बाबतीत तसे नसते. दिवाळीत लेकी-सुना एकत्र जमतात, तेव्हा घरातल्या थोरल्या बाईला जात्यापुढे बसवा, मोबाइल सुरू करा आणि पहिल्यांदा तिला तिचे पूर्ण नाव विचारा.