तळ्याकाठची बाटली आणि सामाईक प्रयोगशाळा

भंडारा जिल्हा तलावांचा जिल्हा म्हणून सर्वपरिचित आहे. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी उताराचा अचूक अंदाज घेऊन बांधलेले तलाव पुढे मालगुजारांच्या ताब्यात गेले. १९५१ साली मालगुजारी संपुष्टात आल्यानंतर ते ‘माजी मालगुजारी’, म्हणजेच ‘मामा’ तलाव या नावाने ओळखले जाऊ लागले. पूर्व विदर्भात अशा तलावांची संख्या सहा हजारांहून अधिक आहे. धानाला पाणी, गुरांना पाणी आणि ढिवर बांधवांना मासळी असा त्यांचा तिहेरी उपयोग होय. मध्य प्रदेशच्या सीमेलगत, बावनथडी नदीच्या परिसरात वसलेल्या नाकाडोंगरीच्या पंचक्रोशीतील जीवनही अशाच पाण्याशी निगडित आहे.

उन्हाळ्यात पाणी आटले असता एखाद्या तलावातील मासळी पहाटे एकाएकी मरून तरंगू लागते. अशा वेळी कोणीतरी विष कालविले असावे, असा संशय घेतला जातो, पंचायतीकडे तक्रार येते आणि गावात वैमनस्य निर्माण होते. पुष्कळदा खरे कारण प्राणवायूची कमतरता हेच असते. परंतु त्या दिवशीचे पाणी कोणी मोजून ठेवले नसेल, तर निर्णय कशाच्या आधारे करावयाचा? तलावाचे शास्त्रीय मोजमाप हा म्हणूनच केवळ विद्यापीठांचा विषय नसून गावाच्या सलोख्याचा व मच्छीमारांच्या उपजीविकेचा प्रश्न आहे.

काठावर काय करता येते?

त्यासाठी प्रत्येक गावाने महागडी यंत्रे विकत घेण्याची आवश्यकता नाही. अँजेलो सेक्की या इटालियन शास्त्रज्ञाने १८६५ साली वापरलेली तबकडी आजही जगभर प्रमाण मानली जाते. सुमारे वीस सेंटिमीटर व्यासाची, काळ्या-पांढऱ्या रंगाची ही तबकडी दोरीने पाण्यात सोडावी. ती दिसेनाशी होते ती खोली म्हणजे पाण्याच्या पारदर्शकतेचे माप. तबकडी, मापे आखलेली दोरी व तापमापक एवढे साहित्य शाळेतही तयार ठेवता येईल.

पाण्यातील प्राणवायूचे मोजमाप मात्र अधिक नाजूक असते. तीस अंश तापमानाच्या पाण्यात प्रतिलिटर सुमारे साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू सामावू शकतो. तो पाच मिलिग्रॅमच्या खाली गेल्यास बहुतेक माशांना त्रास होऊ लागतो आणि दोनच्या आसपास आल्यास ते पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करतात. रात्री वनस्पती व शेवाळ प्राणवायू निर्माण करीत नाहीत, उलट वापरतात. त्यामुळे पहाटे त्याचे प्रमाण सर्वांत कमी असते. दुपारी घेतलेल्या नमुन्यावरून पहाटेच्या संकटाची कल्पना येत नाही.

हा नमुना दूर नेईपर्यंत बदलू नये, यासाठी विंक्लर यांनी १८८८ साली एक युक्ती शोधून काढली. बाटली काठोकाठ भरून तिच्यात मँगेनीज सल्फेट व अल्कयुक्त आयोडाइड टाकले की प्राणवायू तपकिरी साक्याच्या रूपाने बांधला जातो. पुढील मोजणी काही तासांनी प्रयोगशाळेत करता येते. ज्या तुमसर तालुक्यात चिखला व डोंगरी बुजुर्गच्या खाणींतून मँगेनीज निघते, तेथील शिक्षकांना हे उदाहरण सहज पटावे. ही रसायने दाहक असल्याने ती प्रशिक्षित व्यक्तीनेच हाताळावीत, विद्यार्थ्यांच्या हाती देऊ नयेत.

जे काठावर होत नाही

काठावर नमुना बांधणे आणि केंद्रात त्याची तपासणी करणे, ही श्रमविभागणी हेच सामाईक सुविधेचे सूत्र होय. जल जीवन मिशनअंतर्गत ग्रामपातळीवर दिलेल्या तपासणी संचांनी नायट्रेट, लोह, फ्लोराइड यांची प्राथमिक चाचणी होते. त्यावरची पायरी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा व उपविभागीय प्रयोगशाळांची आहे. २०२१ पासून देशातील पिण्याच्या पाण्याच्या प्रयोगशाळा अल्प शुल्कात सर्वसामान्यांनाही खुल्या करण्याचे धोरण आहे.

मँगेनीजचेच पाहा. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा प्रतिलिटर ०.१ मिलिग्रॅम असून, अन्य स्रोत नसल्यास ०.३ पर्यंत ती शिथिल होते. इतके सूक्ष्म प्रमाण खात्रीने मोजण्यासाठी मोठी यंत्रे व कुशल तंत्रज्ञ लागतात. नागपूर येथे १९५८ साली स्थापन झालेली आणि १९७४ पासून ‘नीरी’ नावाने परिचित असलेली राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था या क्षेत्रातील अग्रगण्य संस्था आहे. शासकीय निधीतून घेतलेली उपकरणे अन्य संस्थांतील संशोधकांनाही वापरता यावीत, यासाठी केंद्र शासनाने जानेवारी २०२० मध्ये ‘आय-स्टेम’ ही व्यवस्था सुरू केली. तालुक्याच्या महाविद्यालयातील प्राध्यापकही तिच्याद्वारे उपकरणाचा वेळ मागू शकतात.

परदेशातील दाखला

कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात १९६८ पासून लहान सरोवरांचा एक समूह केवळ अभ्यासासाठी राखून ठेवण्यात आला. तेथे १९७३ साली एका सरोवराचे पडदा टाकून दोन भाग करण्यात आले. दोन्हींत नत्र व कर्ब मिसळले, एकात मात्र स्फुरदही टाकले. स्फुरदाचा भाग काही आठवड्यांत शेवाळाने हिरवागार झाला, दुसरा स्वच्छ राहिला. धुण्याच्या चुऱ्यातील स्फुरदावरील निर्बंधांना या प्रयोगाने भक्कम आधार दिला. एकट्या विद्यापीठाला न पेलणारे हे काम अनेकांनी एकच जागा सामाईक वापरल्यामुळे शक्य झाले.

पंचायतीने काय करावे?

आपल्या तलावांसाठी याच तत्त्वाचे लहान रूप पुरेसे आहे. चार-पाच ग्रामपंचायतींनी मिळून एक संच ठेवावा. तो विज्ञान शिक्षकाच्या ताब्यात असावा. मच्छीमार सहकारी संस्थेने नाव व माणूस द्यावा. दर महिन्याला ठरलेल्या जागी, पहाटेच्या ठरलेल्या वेळी मोजणी करून ती एकाच वहीत नोंदवावी. काठावर मोजता न येणाऱ्या गोष्टींसाठी वर्षातून किमान दोनदा, उन्हाळ्यात व पावसाळ्यानंतर, नमुने प्रयोगशाळेकडे धाडावेत. नमुन्याची बाटली प्रयोगशाळेकडूनच मागवावी, कारण प्रत्येक चाचणीसाठी तिची तयारी निराळी असते.

यंत्र सामाईक असू शकते, नोंदवही मात्र गावाची स्वतःचीच असावी लागते. तिच्यात मागील वर्षांचे आकडे असतील, तर मासळी मेल्याच्या दिवशी संशयाऐवजी पुराव्याने बोलता येईल.