बाक एक, कायदे दोन

नवापूर रेल्वे स्टेशनवरचा एक बाक अर्धा महाराष्ट्रात आहे, अर्धा गुजरातेत. तिकीट खिडकी आपल्याकडे, स्टेशन मास्तरांचं ऑफिस तिकडे. लोक तिथे हौसेने फोटो काढतात. गुन्हेशास्त्र शिकणाऱ्यांना मी पहिला तास त्याच बाकावर देईन. खिशात परवाना आणि पिशवीत सीलबंद बाटली असलेला माणूस या टोकाला ग्राहक असतो, हातभर सरकला की आरोपी. गंमत म्हणजे दोन्हीकडचा कायदा मुळात एकच, 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा. 1960 साली राज्यं वेगळी झाली. गुजरातने बंदी टिकवली, आपण परवान्याची वाट मोकळी केली.

गुन्हेशास्त्रातली एक जुनी विभागणी या बाकावर दिसते. खून, दरोडा, बलात्कार ही मुळातच वाईट कृत्यं. बाकीची मनाई केली म्हणून गुन्हा ठरलेली. नवापूर ज्यात येतं त्या नंदुरबार जिल्ह्यात हा दुसरा खाना भलताच ऐसपैस आहे. सातपुड्यात मोहाची दारू देवालाही लागते आणि लग्नालाही, पण घरामागची भट्टी म्हणजे दारूबंदीची केस. वनजमीन कसणारा 1927 च्या वन कायद्याने अतिक्रमणदार. 2006 च्या वनहक्क कायद्याने, तो 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून कसत असेल तर, त्यालाच दावेदार केलं.

भारतीय न्याय संहिता शरीराविरुद्धचे, मालमत्तेविरुद्धचे, राज्याविरुद्धचे गुन्हे अशी प्रकरणं पाडते. ठाण्याची पायरी चढणाऱ्याला मात्र एवढंच कळतं, की दखलपात्र असेल तर एफआयआर, नाहीतर अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, म्हणजे ‘एनसी’, घेऊन घरी. एनसीचा तपास न्यायालयाच्या आदेशाशिवाय होत नाही.

कृत्यं सोडून माणसांचीच वर्गवारी करण्याचा उद्योगही झाला. इटलीच्या लोंब्रोसोने 1876 मध्ये जन्मजात गुन्हेगाराची कल्पना मांडली. इंग्रज सरकारने त्याच्या पाच वर्षं आधीच अख्ख्या जमातींना गुन्हेगार ठरवणारा कायदा केला होता. तो रद्द झाला 1952 मध्ये. संशय अजून रद्द व्हायचा आहे. उलट अमेरिकन समाजशास्त्रज्ञ एडविन सदरलंडने 1939 मध्ये पांढरपेशा गुन्हेगारीकडे बोट दाखवलं, तेव्हा साहेबलोकांना त्या यादीत बसवायला कुणी उत्सुक नव्हतं.

सगळ्या खान्यांची खरी परीक्षा होते ती डाकिणीच्या प्रकरणात. गावात मूल दगावतं, गुरं मरतात, भगत एखाद्या बाईचं नाव घेतो. तिला मारहाण झाली तर कलमं पूर्वीही होती. पण बाईला डाकीण ठरवणं हाच गुन्हा, असं महाराष्ट्राने म्हटलं 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात, तेही डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर. शिक्षा 6 महिन्यांपासून 7 वर्षांपर्यंत.

आता त्या बाईचा जीवच गेला असं समजा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा नियम असा, की एका एफआयआरमध्ये गुन्हे अनेक असले तरी आकडेवारीत मोजायचा तो सर्वांत गंभीर. म्हणजे मोजला जाईल खून. जादूटोणा कायद्याचं कलम त्या मोजणीत गळेल. खुनाच्या कारणांच्या तक्त्यात ‘जादूटोणा’ असतो, तसाच ‘मालमत्तेचा वाद’ही. बाई विधवा, तिच्या नावावर शेताचा तुकडा आणि त्यावर दिराचा डोळा, असं चित्र अशा प्रकरणांत नवीन नाही. तक्ता भरणाऱ्याने कोणत्या रकान्यात खूण करायची?