पूर ओसरतो, काठ खचतो

नदीकाठची दरड अनेकदा पूर ओसरू लागल्यावर कोसळते. पूर असेपर्यंत काठात पाणी मुरत राहते, माती जड होते आणि तिची पकड सैल पडते. मात्र पात्रातल्या पाण्याचा दाब काठाला बाहेरून आधार देत असतो. पाणी झपाट्याने उतरले की हा आधार जातो. मातीत मुरलेले पाणी तितक्या लवकर निथरत नाही. अशा वेळी काठ स्वतःच्याच वजनाने खचतो.

असा धोका असलेला एक पट्टा म्हणजे बीड जिल्ह्यातील गेवराई तालुका; चकलांबा हे त्यातलेच गाव. तालुक्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते. राक्षसभुवन तिच्याच काठावर आहे. वरच्या अंगाला पैठणचे जायकवाडी धरण असून 1976 मध्ये लोकार्पण झालेल्या या धरणाला 27 दरवाजे आहेत. त्यामुळे खालच्या पात्रातल्या पाण्याचा चढउतार पावसाइतकाच धरणाच्या विसर्गावर ठरतो. सप्टेंबर 2025 मध्ये मोठ्या विसर्गामुळे गोदाकाठच्या गावांना पुराचा फटका बसला.

गंगथडीची, म्हणजे गोदाकाठच्या पट्ट्यातली माती या संकटात भर घालते. काळी चिकणमाती ओलीने फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला खोल भेगा पडतात. पावसाचे पाणी या भेगांतून थेट आत उतरते. चिकणमातीखाली वाळूचा थर असेल, तर प्रवाह तो आधी पोखरतो आणि वरचा भाग अधांतरी राहून ढासळतो. वळणावर बाहेरच्या काठाला प्रवाहाचा मार अधिक बसतो, म्हणून तिथली जमीन आधी जाते.

बेसुमार वाळूउपसा हे मानवनिर्मित कारण आहे. पात्र खोल गेले की काठाची उंची व उतार वाढतो आणि त्याचा पायथा उघडा पडतो. काठालगतची झाडे तोडली, कडेपर्यंत नांगरट केली किंवा शेताचे पाणी काठावरून सोडले, तरी तो कमजोर होतो.

देखरेखीची सर्वांत साधी पद्धत खुंट्यांची आहे. काठापासून ठरावीक अंतरावर खुंट्या रोवून पावसाळ्यापूर्वी व नंतर अंतर मोजले की किती जमीन गेली ते कळते. काठाला समांतर भेग, कलणारी झाडे आणि पायथ्याशी फुटणारे पाझर या धोक्याच्या खुणा होत. जमिनीतील पाण्याचा दाब पिझोमीटरने, तर आतली सरक इन्क्लिनोमीटरने मोजता येते. ड्रोनची छायाचित्रे व सेंटिनेल-2 उपग्रहाच्या 10 मीटर विभेदनाच्या प्रतिमा वर्षानुवर्षांचा बदल दाखवतात. बारीक भेगा मात्र जागेवर जाऊनच पाहाव्या लागतात.

बांबू, वाळा, करंज यांची लागवड आणि धोक्याच्या वळणावर पायथ्यापासून दगडी पिचिंग केल्यास काठ टिकतो. पूर ओसरल्यावर पुढचे काही दिवस काठावर पाण्याची मोटार काढायला जाऊ नये, जनावरे बांधू नयेत आणि नवी भेग दिसताच तलाठ्याला कळवावे.