ट्रॅक्टरची गवतकापणी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

ट्रॅक्टरमागे लावायचे रोटरी मोवर म्हणजे पोलादी छताखाली जमिनीला समांतर फिरणारी पाती. पीटीओच्या, म्हणजे इंजिनाची शक्ती मागच्या यंत्राला देणाऱ्या, शाफ्टने गिअरबॉक्सला गती मिळते, गिअरबॉक्स ती उभ्या दांड्यात वळवतो आणि दांड्याला जोडलेली दोन-तीन पाती गवत छाटत जातात. बाजारात याला स्लॅशर किंवा नुसते ग्रास कटर म्हणतात. पालघर-बोईसर पट्ट्यात त्याला कामाची कमतरता नाही. पावसाळ्यात इथे दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तारापूर एमआयडीसीतले रिकामे भूखंड, वीजवाहिन्यांखालचे पट्टे, चिकूच्या बागांतल्या ओळी आणि खेळाची मैदाने गणपतीपर्यंत कंबरभर गवताने भरून जातात.

पहिला गैरसमज नावातच आहे. ‘रोटरी’ म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे रोटाव्हेटर येतो. रोटाव्हेटरची पाती आडव्या दांड्यावर फिरतात, मातीत शिरतात आणि ढेकळे फोडतात. मोवरच्या पात्याने मातीला शिवायचेच नसते. पाते मातीला लागू लागले की धार जाते, गिअरबॉक्सवर ताण येतो आणि उघड्या पडलेल्या मातीत गवताऐवजी टाकळा माजतो.

डिझेल वाचवायला रेस कमी ठेवावी, हा समजही खोटा आहे. मोवर विळ्यासारखे गवत मुठीत धरून कापत नाही. त्याचे सगळे बळ पात्याच्या वेगात असते. मिनिटाला ५४० फेऱ्या, म्हणजे सेकंदाला ९ फेऱ्या, हा पीटीओचा ठरलेला वेग. पाच फुटी यंत्राचा गिअरबॉक्स तो वाढवून हजाराच्या आसपास नेतो. पात्याचे टोक एका फेरीत सुमारे ४.७ मीटर कापते, म्हणजे ते सेकंदाला जवळपास ७८ मीटर, ताशी २८० किलोमीटर वेगाने धावत असते. या वेगापुढे काडीला वाकायला सवड मिळत नाही. रेस उतरली की काडी वाकते, पाते वरून निघून जाते आणि ट्रॅक्टर पुढे गेल्यावर गवत पुन्हा उभे राहते. मग त्याच पट्ट्यावर दुसरी फेरी होते आणि वाचवलेले डिझेल तिथेच संपते. दाट गवतात खालचा गिअर टाकावा. रेस मात्र मीटरवरच्या ५४० च्या खुणेवर ठेवावी.

पाते वस्तऱ्यासारखे हवे, असेही मानले जाते. हिरवळीच्या मैदानाला तीक्ष्ण धार लागते, कारण बोथट पाते पान फाडते आणि फाटलेली टोके दोन दिवसांत पांढरट पडतात. घाणेरी आणि रोपट्यांसह उभे माळ कापणाऱ्या स्लॅशरचे गणित वेगळे आहे. तिथे वस्तऱ्याची धार पहिल्याच दगडावर मुडपते, म्हणून काठावर सुमारे दीड मिलिमीटर जाडी ठेवूनच घासतात. धार लावताना पात्यांचे वजन सारखे राहणे दोन्हीकडे तितकेच महत्त्वाचे. एक पाते हलके झाले की यंत्र थरथरते आणि आधी बेअरिंग जाते.

शिअर बोल्टवर तर अन्यायच होतो. पाते दगडाला किंवा खुंटाला अडकले की हा बोल्ट तुटतो आणि गिअरबॉक्सला झटका बसत नाही. तुटणे हेच त्याचे काम. ‘सारखा तुटतो’ म्हणून त्याजागी कडक पोलादाचा बोल्ट ठोकला, की पुढचा झटका थेट दातांवर बसतो. काही रुपयांच्या बोल्टाऐवजी गिअरबॉक्सच उघडावा लागतो.

सर्वांत महागात पडणारा गैरसमज वैरणीचा आहे: कापणी कशानेही करा, गवत ते गवतच. या पट्ट्यात गवत हा कचरा कधीच नव्हता. वरकस जमिनीवरचे गवत कापून, वाळवून, गाठी बांधून मुंबईच्या तबेल्यांना पाठवण्याचा व्यापार इथे पिढ्यानपिढ्या चालला. १९४५ साली डहाणू-उंबरगाव भागातल्या वारली शेतमजुरांनी किसान सभेच्या नेतृत्वाखाली संप केला, तेव्हा एक प्रमुख मागणी गवतकापणीच्या मजुरीचीच होती: ५०० पौंड गवताला अडीच रुपये. १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला आणि जेठ्या गांगड यांच्यासह पाच जणांचा जीव गेला. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात हा लढा आला आहे.

विळ्याने काडी बुंध्याशी एकदाच कापली जाते, लांब राहते, पेंढी बांधता येते. स्लॅशर तीच काडी छताखाली पुन्हा पुन्हा छाटतो. तुकडे माती-धुळीत मिसळून विखुरतात, गोळा होत नाहीत आणि ओले ढीग बुरशी धरतात. वैरण हवी असेल तर कात्रीसारखी पुढे-मागे सरकणारी पट्टी असलेले सिकल बार मोवर किंवा ड्रम मोवर घ्यावे. ड्रम मोवरही रोटरीच, पण ते काडी एकदाच कापून ओळीत आडवी टाकते. शेडा किंवा मारवेलीचे चांगले रान स्लॅशरखाली घालणे म्हणजे जनावराच्या तोंडचा घास मातीत मिसळणे.

गवत जितके खाली कापावे तितकी पुढची कापणी लांबते, हेही खरे नाही. मुळांना अन्न पानांकडून मिळते. एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कापू नये, हा हिरवळीचा नियम त्यासाठीच. बहुवर्षायू चाऱ्याच्या रानात सात ते दहा सेंटिमीटर बुंधा राखला तर फुटवा जोमदार येतो.

भर पावसात कापणी काढण्याची घाईही अंगाशी येते. ओले गवत छताच्या आतल्या बाजूला लेपासारखे चिकटते, पात्यांना फिरायला जागा उरत नाही, आणि भिजलेल्या जमिनीत चाकांनी पाडलेल्या चाकोऱ्या पुढच्या उन्हाळ्यात दगडासारख्या घट्ट होतात. चार दिवसांची उघडीप पाहूनच ट्रॅक्टर आत घालावा.

वणव्याबाबतचा समज सर्वांत धोक्याचा. गवत कापले म्हणजे आगीची भीती संपली, असे कारखान्यांच्या कुंपणालगत सर्रास धरले जाते. उभे गवत आडवे झाले तरी जळण तेवढेच उरते, उलट लवकर वाळते. कुंपण, गोदाम किंवा रसायनांच्या टाक्यांजवळचा पट्टा कापल्यावर तिथले गवत उचलून न्यायलाच हवे. दिवाळीच्या सुमाराला केलेली एकच कापणीही पुरत नाही, कारण ओल असेपर्यंत फुटवा येत राहतो आणि होळीपर्यंत तोही पेटण्याजोगा होतो.

बिजागरीवर मागे वळणारी पाती दगडाला लागली तरी काही होत नाही, असे म्हणतात. यंत्राला होत नसेल. दगड मात्र छताखालून गोळीसारखा सुटतो. म्हणून दगड अडवायला छताला पुढे-मागे लावलेल्या साखळ्या काढू नयेत, माणसे शंभर मीटर लांब ठेवावीत आणि आधी पायी फिरून दगड, तारा, बाटल्या उचलाव्यात. त्याच फेरीत टिटवीची अंडीही दिसतात. तेवढा तुकडा खूण करून सोडावा. कापणी मधून सुरू करून कडेला न्यावी, म्हणजे ससे आणि साप बाहेर निघून जातात.