तपकिरी न झालेल्या पेशी

नवी मुंबईतल्या त्या पॅथॉलॉजी प्रयोगशाळेचं दार उघडलं की आधी झायलीनचा वास येतो. तो नाकात बसतो आणि बाहेर पडल्यावरही बराच वेळ जात नाही. आत मायक्रोटोमपाशी एक ताई बसलेल्या असतात. हातानं चाक फिरतं आणि पात्यावरून मेणाची फीत सुटते, जेमतेम तीन-चार मायक्रॉन जाडीची. ब्रशच्या टोकानं ती कोमट पाण्यावर सोडायची आणि खालून काच घालून अलगद उचलायची. सुरकुती पडली तर तिच्यात रंग अडकतो आणि जे नाही ते दिसायला लागतं. म्हणून ताई मनासारखी न आलेली फीत सरळ टाकून देतात, दुसरी कापतात.

आजच्या ब्लॉकमध्ये द्राक्षगर्भाचा संशय असलेला एक नमुना आहे. पिशवी साफ केल्यावर निघालेला ऊतींचा तुकडा. त्यावर पी57 या प्रथिनाची चाचणी व्हायची आहे. बघायला यावं असं या चाचणीत काय आहे? जनुकाची आईकडची प्रत बोलते आहे की नाही, हे डीएनए न वाचता नुसत्या रंगावरून डोळ्यांना दिसतं.

पी57 पेशीच्या विभाजनाला ब्रेक लावतं. 1995 साली ते सापडलं. त्याचं जनुक 11व्या गुणसूत्राच्या आखूड बाहूच्या टोकाला आहे. बहुतेक जनुकांच्या आईकडची आणि बापाकडची अशा दोन्ही प्रती काम करतात. त्यामुळे गाठ रोखणारं जनुक निकामी व्हायला सहसा दोन घाव पडावे लागतात. आल्फ्रेड नुडसन यांनी 1971 मध्ये मुलांच्या डोळ्यांतल्या कर्करोगावरून हे मांडलं. पी57च्या जनुकाचं तसं नाही. बापाकडची प्रत जन्माआधीपासूनच जवळजवळ गप्प केलेली असते; याला इम्प्रिंटिंग म्हणतात. सगळी भिस्त आईकडच्या एकाच प्रतीवर. ती गेली की ब्रेक गेला, दुसरा घाव लागतच नाही. शेजारचं आयजीएफ2 हे वाढीचं जनुक नेमकं उलट वागतं. तिथे बापाकडची प्रत चालू आणि आईकडची बंद.

पूर्ण द्राक्षगर्भात हा समतोल पार ढळतो. काजी आणि ओहामा या जपानी संशोधकांनी 1977 मध्ये दाखवलं की अशा गर्भातली गुणसूत्रं सगळी बापाकडून आलेली असतात. स्त्रीबीजातलं केंद्रक नाहीसं झालेलं असतं आणि बहुतेक वेळा एकाच शुक्रजंतूची गुणसूत्रं दुप्पट होतात. एकूण 46, आकडा अगदी बरोबर. पण आईचं त्यात एकही नाही. वाढीच्या जनुकाच्या दोन्ही प्रती चालू, ब्रेकच्या दोन्ही बंद. बाळ धरत नाही. वारेचे अंकुर पाण्यानं फुगून द्राक्षांच्या घोसासारखे होतात.

काचा तापवणं, प्रतिपिंड लावणं, धुणं, रंग चढवणं यात दिवसाचा मोठा भाग जातो. मग काच सूक्ष्मदर्शकाखाली येते. पॅथॉलॉजिस्ट मॅडम अंकुरांकडे लगेच वळत नाहीत. आधी गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा शोधतात. त्या पेशी आईच्या स्वतःच्या. त्यांची केंद्रकं तपकिरी झाली म्हणजे रंग नीट बसला. आज ती गडद तपकिरी आहेत. त्यांच्या शेजारीच फुगलेला अंकुर, आणि त्याच्या गाभ्यातल्या आणि कडेच्या आतल्या थरातल्या पेशी मात्र निव्वळ निळ्या. एकाच काचेवर, केसभर अंतरावर. अहवालात ओळ जाते: पी57 निगेटिव्ह.

या एका ओळीवर बरंच काही ठरतं. पूर्ण द्राक्षगर्भ झालेल्या 100 जणींपैकी 15 ते 20 जणींमध्ये पिशवी साफ केल्यावरही आजार मागे राहतो आणि औषधं द्यावी लागतात. अर्धवट द्राक्षगर्भात हे प्रमाण 100 मध्ये पाचाच्या आत असतं. तिथे आईची गुणसूत्रं असतात, म्हणून पी57 पॉझिटिव्ह येतं. साध्या गर्भपातातही ते पॉझिटिव्हच येतं, त्यामुळे या दोघांमधला फरक ओळखायला डीएनए तपासावं लागतं. पण 15 ते 20चा धोका कोणाला, हे सांगायला ही काच पुरते.

क्वचित एखादीला पुन्हा पुन्हा द्राक्षगर्भ राहतो. अशा काही कुटुंबांत एनएलआरपी7 या जनुकात बिघाड असल्याचं 2006 मध्ये उघड झालं. तिथे आईची गुणसूत्रं हजर असतात, पण त्यांच्यावरच्या इम्प्रिंटिंगच्या खुणा उमटलेल्या नसतात. पी57 तरीही निगेटिव्ह. जनुक असून भागत नाही, त्यावरची खूणही लागते, याचा इतका स्वच्छ पुरावा क्वचित मिळतो.

घरोघरी मात्र बोल बाईलाच लागतो. तिनं काय खाल्लं, काय उचललं, कुठे गेली, याची उजळणी होते. निळ्या पेशी यातल्या कशालाच दुजोरा देत नाहीत. बहुतेक वेळा गर्भधारणेच्या क्षणी घडलेली ती चूक असते. दोष ना तिचा, ना त्याचा.

उपचार हाताशी आहेत. 1956 मध्ये अमेरिकेत मिन च्यू ली यांनी वारेच्या कर्करोगावर मेथोट्रेक्सेट गुणकारी ठरल्याचं दाखवलं. आज कमी जोखमीच्या जवळजवळ सगळ्या रुग्ण बऱ्या होतात. अट एकच: बीटा एचसीजी ही रक्ताची तपासणी आकडा नॉर्मल येईपर्यंत दर आठवड्याला आणि नंतरही काही महिने करायची, आणि तोवर दिवस राहू द्यायचे नाहीत. बरं वाटू लागलं की फेऱ्या चुकतात, आणि 15 ते 20 मधली ती कोण, हे कळायला उशीर होतो.

म्हणून पिशवी साफ केल्यावर निघालेलं काहीही तपासणीविना फेकलं जाऊ नये. प्रत्येक छोट्या रुग्णालयात पी57ची सोय नसेल, पण ती असायलाच हवी असंही नाही. मेणाचा ब्लॉक साध्या खोलीच्या तापमानाला वर्षानुवर्षं टिकतो. तो सोय असलेल्या मोठ्या प्रयोगशाळेत पाठवता येतो. टाटा मेमोरियल सेंटरचं ॲक्ट्रेक तर इथेच खारघरला आहे. सोबतच्या फॉर्मवर किती आठवडे झाले होते, सोनोग्राफीत काय दिसलं आणि एचसीजी किती होतं, एवढं डॉक्टरांनी लिहिलं, तरी काच वाचणाऱ्याचं काम निम्मं हलकं होतं.